लग्नाचं एडिटिंग आणि १२ बाय ३६ इंची अल्बम: नवा विंडोज पीसी घ्यावा की मॅक मिनी?

कराड_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. स्टुडिओतलं एडिटिंगचं मशीन बदलायचं आहे. सध्या आय७-७७००, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय आहे. प्रोसेसर सातव्या पिढीचा, त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

कॅमेरे ३३ मेगापिक्सेलचे आहेत आणि एका लग्नाचे साधारण चार हजार रॉ फोटो निघतात. निवड आणि रंग लाइटरूम क्लासिकमध्ये, अल्बमची पानं, म्हणजे शीट, फोटोशॉपमध्ये. रिसेप्शन आणि हळदीचे पाच-सहाशे फोटो एआय डिनॉइजमधून (कमी प्रकाशातले दाणे घालवणारी सोय) काढावे लागतात आणि सध्याचं मशीन तिथेच अडकतं. अल्बमवर नावं आणि तारीख मराठीत लागते, ती श्री-लिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप होते. लॅबला जेपीजी द्यायचे असतात.

बजेट मॉनिटर धरून दीड लाख. आताचा मॉनिटर साधा ऑफिसचा आहे. या कामाला विंडोज बरं की मॅक? जुना इंटेल आयमॅक सेकंडहँड स्वस्तात मिळतोय, तो घ्यावा का? आणि जुना लाइटरूम कॅटलॉग (फोटोंच्या नोंदी आणि एडिट ठेवणारी फाइल), श्री-लिपी यांचं काय करायचं?

हार्डवेअर_सांगली

इंटेल आयमॅकचा विचार सोडून द्या. मॅकओएस २६ ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे, हे ॲपलने २०२५ मध्येच जाहीर केलं आहे. पुढच्या लाइटरूमला नवी मॅकओएस लागली की ते मशीन तिथेच थांबेल. स्क्रीनही त्यातच जोडलेला, म्हणजे वेगळा वापरायचा तर खटपट.

आता विंडोज की मॅक. आधी तुमचा वेळ नक्की कुठे जातो ते मोजा. जुन्या मशीनवर टास्क मॅनेजरचा परफॉर्मन्स टॅब उघडा ठेवून तीन कामं करा: पन्नास फोटोंचं डिनॉइज, शंभर फोटोंचं एक्स्पोर्ट आणि एक पूर्ण शीट. डिनॉइजला जीपीयू शंभर टक्क्यांवर जाईल, एक्स्पोर्टला बहुतेक सीपीयू भरेल आणि शीटच्या वेळी रॅम संपून डिस्क चालू लागेल. तीन कामांचे तीन वेगळे भाग आहेत, आणि पैसे कोणत्या भागावर घालायचे ते यावरून ठरतं.

डिनॉइजचं गणित सोपं आहे. एका फोटोला १५ सेकंद लागले तर ६०० फोटोंना अडीच तास, ४० सेकंद लागले तर पावणेसात तास. हा फरक जवळजवळ पूर्णपणे ग्राफिक कार्डाचा असतो. १०५० टीआयमध्ये एआयचं काम वेगाने करणारे टेन्सर कोअर नाहीत आणि कार्डाची स्वतःची मेमरी (व्हीरॅम) फक्त ४ जीबी, म्हणून ते अडकतं. दीड लाखात डिनॉइज जास्तीत जास्त वेगाने हवं असेल तर आरटीएक्स कार्डाचा पीसी एम४ चिपच्या साध्या मॅक मिनीच्या पुढे राहतो. दुकानात जाताना आपल्याच कॅमेऱ्याच्या दहा रॉ फाइल पेनड्राइव्हवर न्या आणि दोन्ही मशीनवर लावून बघा. जाहिरातीतल्या आकड्यांपेक्षा ती दहा मिनिटं जास्त सांगतात.

पीसी असा बांधा:

रायझन ७ ९७००एक्स किंवा ७७००, बी६५० किंवा बी८५० बोर्ड. इंटेल तेरावी-चौदावी पिढी स्वस्तात मिळाली तर बोर्डाचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) नवं आहे का ते आधी बघा. त्या प्रोसेसरना व्होल्टेजचा दोष होता आणि त्यावरचा उपाय, म्हणजे बायोसमधून येणारा मायक्रोकोड, २०२४ मध्ये आला. आधीच बिघडलेला प्रोसेसर बायोसने दुरुस्त होत नाही, म्हणून वापरलेला घेऊच नका.

ग्राफिक कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी, नाहीतर ५०६० किंवा ४०६० ची ८ जीबी. ८ जीबीच्या खाली उतरू नका. ड्रायव्हर 'स्टुडिओ' घ्या, 'गेम रेडी' नको.

रॅम दोन कांड्यांत घ्या. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव खूप चढले, त्यामुळे ६४ जीबी परवडेलच असं नाही. ३२ मध्ये काम होतं. पण 'आता १६ च्या दोन, पुढे आणखी दोन' हा हिशेब डीडीआर५ रॅममध्ये चुकतो. या रायझनच्या एएम५ बोर्डावर चार कांड्या लावल्या की वेग बराच खाली येतो, कधी मशीन नीट सुरूच होत नाही. शक्य असेल तर ३२ च्या दोन एकदमच घ्या. बायोसमध्ये 'एक्स्पो' (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करायला विसरू नका, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच चालते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

डिस्क: १ टीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) विंडोज, कॅटलॉग आणि प्रीव्ह्यूसाठी, २ टीबी एनव्हीएमई चालू लग्नांसाठी. एका रॉचे ४० एमबी धरले तर एक लग्न १६० जीबीचं. झालेली कामं हार्ड डिस्कवर, आणि त्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या जागी.

आणखी एक. मॉनिटरची केबल ग्राफिक कार्डाच्याच पोर्टला लावा. या प्रोसेसरमध्ये स्वतःचा छोटा जीपीयू आहे, त्यामुळे केबल बोर्डाला लागली तरी चित्र दिसतं आणि चूक कळत नाही.

मॅक_नाशिक

सांगलीकरांचं डिनॉइजबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. पण रोजचं काम म्हणजे फक्त डिनॉइज नव्हे. निवड, मास्किंग, रंग, शीट हे सगळं एम४ वर सलग चालतं, पंखा ऐकू येत नाही, आणि डिनॉइज तसंही रात्री लावून ठेवता येतं. रात्रभरात अडीच तास लागले की पावणेसात, सकाळी काम तयारच असतं.

मात्र मॅक घ्यायचा तर खरेदीच्या दिवशीच पूर्ण विचार करा, कारण रॅम नंतर वाढत नाही. मिनी एम४ आला तेव्हा भारतात १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीचा भाव ५९,९०० होता, १६/५१२ चा ७९,९०० आणि २४/५१२ चा ९९,९००. प्रत्येक पायरीला वीस हजार. माझं मत असं: रॅमची पायरी घ्या, मोठ्या एसएसडीची घेऊ नका. साठवण बाहेरून लावता येते.

१२ बाय ३६ ची शीट ३०० डीपीआयला ३६०० बाय १०८०० पिक्सेल होते. आठ बिटमध्ये एक पूर्ण लेयर सुमारे ११७ एमबी, सोळा बिटमध्ये दुप्पट. वर स्मार्ट ऑब्जेक्ट, सावल्या, मास्क आले, मागे लाइटरूम उघडं असलं की १६ जीबी पुरत नाहीत आणि एसएसडीवर स्वॅप (रॅममधला डेटा डिस्कवर टाकणं) सुरू होतो. शिवाय पीएसडीची, म्हणजे फोटोशॉपच्या नेहमीच्या फाइलची, मर्यादा २ जीबीची. त्यापुढे मोठ्या फाइलच्या पीएसबी फॉरमॅटमध्ये सेव्ह करावी लागते. 'सेव्ह होत नाही' म्हणून घाबरून लेयर चपटे करणारे बरेच जण असतात. फॉरमॅट बदलला की काम होतं.

बाहेरच्या एनव्हीएमईसाठी १० जीबीपीएसची केस (डिस्क बसवायचा डबा) घेतली तर सेकंदाला १००० एमबीच्या आसपास मिळतात, लाइटरूमला पुष्कळ झाले. २० जीबीपीएस लिहिलेल्या केसवर जास्त पैसे घालू नका, मॅकवर ती १० नेच चालते. जास्त वेग हवा असेल तर थेट यूएसबी४ किंवा थंडरबोल्टची केस. मिनीला जुना चौकोनी यूएसबी पोर्ट नाही, कार्ड स्लॉटही नाही. चांगला यूएचएस-टू कार्ड रीडर आणि एक हब बजेटमध्ये धरा.

आणि जुन्या डिस्क. त्या एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटमध्ये असणार. मॅक त्या वाचतो, त्यांच्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे फिरणारी डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण त्यात जर्नलिंग (बदलांची नोंद, जिच्यावरून डिस्क सावरते) नसतं. इजेक्ट न करता ओढली तर फोल्डरच्या फोल्डर जातात. एक्सफॅट फक्त ने-आण करायला. कायमची साठवण त्यावर ठेवू नका.

लॅबला पेनड्राइव्ह देताना एक गोष्ट नक्की अडवेल. मॅक एक्सफॅटवर प्रत्येक जेपीजीसोबत टिंब आणि अधोरेखेने सुरू होणारी, त्याच नावाची एक बारीक फाइल टाकतो. मॅकवर ती दिसत नाही, लॅबच्या विंडोजवर दिसते, आणि ऑपरेटर सांगतो की निम्मे फोटो करप्ट आहेत. देण्याआधी टर्मिनलमधून 'dot_clean' (डॉट क्लीन) ही आज्ञा त्या ड्राइव्हवर चालवा.

छापखाना_पुणे

तुम्ही दोघं मशीनवर बोलताय, पण प्रश्नकर्त्याचा मॉनिटर ऑफिसचा आहे हे वाचलंत का? दीड लाखातले पस्तीस-चाळीस हजार आधी मॉनिटर आणि कॅलिब्रेटरसाठी (स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारं यंत्र) बाजूला काढा. उरलेल्यात जे बसेल ते मशीन घ्या. मशीन हळू असेल तर वेळ जाईल. मॉनिटर खोटा असेल तर शालू लाल की राणी कलरचा, हे छापून आल्यावर कळेल.

छपाई जेपीजी एसआरजीबी या नेहमीच्या रंगकक्षेत मागणाऱ्या लॅबमध्ये होणार असेल तर त्याहून रुंद ॲडोबी आरजीबीच्या महाग मॉनिटरची गरज नाही. २७ इंची, पूर्ण एसआरजीबी, आयपीएस, कारखान्यातून तपासून आलेला पुरे. आसूस प्रोआर्ट पीए२७८क्यूव्ही त्या वर्गातला आहे. मात्र तो १४४० पी (२५६० बाय १४४० पिक्सेल) आहे. विंडोजवर ठीक. मॅकओएसने २०१८ पासून अक्षरांचं जुनं स्मूदिंग काढून टाकलं, त्यामुळे मॅकवर या रेझोल्यूशनला मेन्यूची अक्षरं भुरकट दिसतात. फोटोला बाधा नाही, डोळे मात्र थकतात. मॅक घेणार असाल तर २७ इंचात ४के बघा आणि बजेट तसं वाढवा. मिनी स्वस्त वाटतो तेव्हा हा खर्च कोणी धरत नाही.

कॅलिब्रेशनला व्हाइट पॉइंट डी६५, गॅमा २.२, ब्राइटनेस १०० कँडेला. नवा मॉनिटर डब्यातून ३०० च्या आसपास असतो, म्हणून 'स्क्रीनवर छान, प्रिंट काळपट' ही तक्रार येते. प्रिंट काळा नसतो, स्क्रीन झगझगीत असतो. मॉनिटरचं रंगप्रोफाइल बनवताना आवृत्ती २ आणि मॅट्रिक्स निवडा. काही विंडोज प्रोग्राम दुसऱ्या प्रकारावर अडखळतात.

रंगाच्या बाबतीत मॅक सोपा आहे हे मान्य करायला हवं. तिथे रंगव्यवस्थापन पूर्ण सिस्टीमला लागू असतं. विंडोजवर ते बहुतेक वेळा प्रत्येक प्रोग्रामच्या हातात असतं. फोटोशॉप बरोबर दाखवतं, एखादा साधा व्ह्यूअर तोच फोटो भडक दाखवतो. मॉनिटर वाइड गॅमट (एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवणारा) असेल तर फरक आणखी वाढतो. एसआरजीबी मॉनिटर घेतला की हे दुखणं बरंचसं जातं, म्हणून विंडोजवाल्यांना मी तोच सुचवतो. नाइट लाइट आणि एचडीआर बंद ठेवा, मॅकवर नाइट शिफ्ट. ग्राफिक ड्रायव्हर अपडेट झाल्यावर कॅलिब्रेशन लोड झालंय का ते तपासा, ते गुपचूप उडतं.

लॅबकडून त्यांच्या मशीनचा आणि कागदाचा आयसीसी प्रोफाइल (रंगांची माहिती देणारी फाइल) मागा. लाइटरूमच्या डेव्हलपमध्ये 'एस' दाबून सॉफ्ट प्रूफ (छपाईत रंग कसे येतील याचा अंदाज) बघा. हळदीचा पिवळा आणि पैठणीचा जांभळा कुठे मरतो ते आधीच दिसतं. आणि 'असाइन प्रोफाइल' व 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' यांची गल्लत करू नका: असाइन नुसतं लेबल बदलतं, कन्व्हर्ट रंग जपून आकडे बदलतं. ॲडोबी आरजीबीतल्या शीटला एसआरजीबी असाइन केला की चेहरे मातकट होतात. कन्व्हर्टच करायचं.

कराड_स्टुडिओ

खूप उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. मॉनिटरचं पटलं. लॅब एसआरजीबीच मागते. आता अडचण श्री-लिपीची. मॅक घेतला तर ती चालेल का? विंडोज ११ वर तरी चालेल का? की पॅरॅलल्स टाकून मॅकमध्येच विंडोज चालवायचं?

अक्षरजुळणी

तुमच्याकडची श्री-लिपी विंडोजवरची आहे. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर बूट कॅम्प (मॅकवर थेट विंडोज टाकायची सोय) नाही, आणि पॅरॅलल्समध्ये चालतं ते एआरएम प्रकारच्या चिपचं विंडोज. साधे प्रोग्राम त्यावर चालतात, पण ड्रायव्हर एआरएमसाठीच लिहिलेला असावा लागतो. तुमची प्रत यूएसबी लॉकची (लायसन्ससाठी लावायचा डोंगल) असेल तर तो लॉक तिथे ओळखला जाईल या भरवशावर मॅक घेऊ नका. स्नॅपड्रॅगन या एआरएम चिपच्या विंडोज लॅपटॉपलाही हेच लागू. इंटेल किंवा एएमडीच्या विंडोज ११ वर चालवण्याआधी तुमची आवृत्ती कोणती ते पाहून विक्रेत्याला विचारा.

पण नुसत्या नावांसाठी अख्खं मशीन ठरवायची गरज नाही. दोन वाटा आहेत.

पहिली: जुना पीसी ठेवा, एरवी इंटरनेटची केबल काढून ठेवा (ॲडोबीला लायसन्स तपासायला अधूनमधून नेट लागतं, तेवढ्यापुरती जोडा) आणि तो फक्त श्री-लिपीला वापरा. फोटोशॉपमध्ये नाव टाइप करून टेक्स्ट लेयरवर 'कन्व्हर्ट टू शेप' करा आणि पीएसडी सेव्ह करा. आता तो मजकूर नसून आकार आहे, मॅकवर किंवा कुठेही फाँटशिवाय उघडेल आणि मोठा केला तरी फाटणार नाही. शेप करण्याआधी नाव वाचून घ्या, नंतर वेलांटी बदलता येत नाही. जुन्या पद्धतीच्या फाँटची टीटीएफ फाइल नुसती मॅकवर टाकून भागत नाही, कारण त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. टाइप करायचा कीबोर्ड सोबत येत नाही, हातात इंग्रजी खिचडी येते.

दुसरी, आणि माझ्या मते पुढच्या दृष्टीने हीच बरोबर: युनिकोडवर (मराठी अक्षरांचा सगळीकडे चालणारा एकच संकेत) या. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोज आणि मॅक दोन्हींत आहे. 'एक टाइप' (Ek Type) या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फाँट मोफत आहेत, व्यावसायिक कामालाही चालतात. फोटोशॉपमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली किंवा जोडाक्षरं सुटी पडली तर फाँटला दोष देऊ नका. पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडा. जुन्या आवृत्तीत आधी प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात तेच इंजिन चालू करून नवी फाइल उघडावी लागते.

नवा फाँट घेतला की 'कुऱ्हाडे', 'बऱ्हाटे', 'गोऱ्हे' टाइप करून बघा. अर्धा र नीट बसत नसेल तर तो फाँट अल्बमला नको. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत का तेही पाहा, लग्नाच्या अल्बमवर घरातल्या वडीलधाऱ्यांना हिंदी वळण लगेच खटकतं.

अल्बमच्या टेम्प्लेटचंही बघून घ्या. पीएसडी आणि ॲक्शन दोन्हीकडे चालतात. पण प्लगइन विंडोजचं वेगळं, मॅकचं वेगळं. इन्स्टॉलर ईएक्सई असेल तर ते मॅकवर बसणार नाही. अल्बम डिझाइनचं वेगळं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याची मॅक आवृत्ती आहे का ते मशीन बुक करण्याआधी विचारा.

मुक्तस्रोत

लिनक्सचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून थोडक्यात. लाइटरूम आणि फोटोशॉप लिनक्सवर येत नाहीत. डार्कटेबल हे मोफत रॉ एडिटर ताकदीचं आहे, पण लाइटरूममध्ये केलेले रंग तिथे तसेच उतरत नाहीत. शीर्षक, कीवर्ड, रेटिंग आणि क्रॉपसारखे थोडे बदल येतात, रंग मात्र प्रत्येक फोटोला नव्याने करावे लागतात. पीएसडी टेम्प्लेटवर चालणाऱ्या स्टुडिओने मुख्य मशीन लिनक्स करू नये. जुन्या आय७-७७०० ला मात्र लिनक्स टाकून त्यात दोन हार्ड डिस्क बसवल्या तर नेटवर्कवरचा बॅकअप सर्व्हर म्हणून तो अजून बरीच वर्षं काम देईल. अर्थात श्री-लिपी त्याच पीसीवर ठेवणार असाल तर नाही. लाइटरूमचा कॅटलॉग तेवढा नेटवर्कवर ठेवू नका, तो मशीनमधल्या किंवा थेट जोडलेल्या डिस्कवरच लागतो.

हार्डवेअर_सांगली

तुमचं काम बघता माझा कौल विंडोज पीसीला: डिनॉइज जास्त, श्री-लिपी, विंडोजची लॅब, आणि १४४० पी मॉनिटर बजेटमध्ये बसतो. युनिकोडवर यायची तयारी असेल, डिनॉइज रात्री चालत असेल आणि ४के मॉनिटरसाठी पैसे सोडता येत असतील तर नाशिककरांचा २४ जीबीचा मिनी घ्या. दोन्हींतलं अर्धं, म्हणजे १६ जीबीचा मिनी आणि जुना मॉनिटर, हे मात्र करू नका.

वीज आणि यूपीएस. एम४ मिनी जास्तीत जास्त ६५ वॅट घेतो, त्यामुळे ६०० व्हीएचा यूपीएस मॉनिटरसकट पुरतो. वरचा पीसी डिनॉइजच्या वेळी ३०० च्या वर जाऊ शकतो. त्याला १ केव्हीए, ६०० वॅटचा घ्या, आणि प्युअर साइन वेव्हचा. स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर चांगले एसएमपीएस (पीसीचे पॉवर सप्लाय) लाइट गेल्या क्षणी बंद पडू शकतात. बाहेरच्या डिस्कचे ॲडॉप्टरही यूपीएसवरच लावा.

कॅटलॉग हलवायचा क्रम, दोन्ही प्लॅटफॉर्मला एकच:

१. जुन्या मशीनवर सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस. एडिट एक्सएमपीत (फोटोशेजारची छोटी फाइल) उतरतील. कलेक्शन आणि व्हर्च्युअल कॉपी त्यात जात नाहीत, म्हणून कॅटलॉग लागतोच.

२. लाइटरूम पूर्ण बंद करा. 'एलआरकॅट' फाइलसोबत 'एलआरकॅट-डेटा' नावाचीही कॉपी करा. एआय मास्कचा डेटा तिच्यात असतो. ती राहिली तर मास्क पुन्हा काढावे लागतात. प्रीव्ह्यूचं फोल्डर नेलं नाही तरी चालेल, ते नवीन बनतं.

३. फोटो त्याच फोल्डर रचनेत कॉपी करा. फाइलची संख्या आणि एकूण बाइट दोन्हीकडे जुळवा.

४. नव्या मशीनवर कॅटलॉग उघडला की फोल्डरवर प्रश्नचिन्ह दिसेल. आधी राइट क्लिक करून 'शो पॅरेंट फोल्डर' घ्या आणि सगळ्यात वरच्या फोल्डरला 'फाइंड मिसिंग फोल्डर' द्या. एकदाच सांगितलं की खालचे सगळे सापडतात. एकेक लग्न शोधत बसू नका, आणि 'सिंक्रोनाइझ' तर दाबूच नका. न सापडलेले फोटो हरवलेले समजून ते कॅटलॉगमधून काढले जाऊ शकतात आणि त्यांचे एडिट जातात.

५. प्रीसेट वेगळे न्या. प्रेफरन्सेसमधल्या प्रीसेट टॅबवर त्यांचं फोल्डर उघडणारं बटण आहे.

ॲडोबीचं एकच सबस्क्रिप्शन दोन मशीनवर ॲक्टिव्ह राहतं, एक विंडोज आणि एक मॅक असली तरी. त्यामुळे जुनं मशीन लगेच फॉरमॅट करू नका. एखादं पूर्ण लग्न नव्यावर निवडीपासून लॅबच्या जेपीजीपर्यंत काढा, एक शीट छापून आणा, ती मॉनिटरशेजारी धरून बघा, मगच जुन्या डिस्कला हात लावा.